बंद केलेला रेपो आणि अमेरिकेचा कायदा

प्रश्न : मी मूळची सिन्नरकडची, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करते. आई गावात बचत गट चालवते. कुणी किती कर्ज उचललं, कुणाचा हप्ता थकला, हे सगळं एका वहीत असायचं आणि ती वही कोणीही चाळायचं. आकडे नवऱ्याच्या किंवा दिराच्या कानावर गेले की त्या बाईच्या घरी भांडण ठरलेलं. म्हणून मी रात्री बसून एक छोटं ॲप लिहिलं. नोंदी फोनमध्येच राहतात आणि लिबसोडियम हा एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा करण्याचा, तयार कोड वापरून कुलूपबंद होतात. गिटहब या कोड ठेवायच्या अमेरिकन संकेतस्थळावर रेपो, म्हणजे कोडचा फोल्डर, उघडला आणि कोणीही वापरावा, बदलावा अशी मुभा देणाऱ्या एमआयटी लायसन्सखाली कोड टाकला. परवा आयफोनसाठी ॲप चढवायला गेले तर ‘तुमच्या ॲपमध्ये एन्क्रिप्शन आहे का’ असा प्रश्न आला आणि त्यासोबत निर्यात कायद्याचा उल्लेख. ऑफिसमधले एक सीनियर म्हणाले, ‘अमेरिकेत एन्क्रिप्शन म्हणजे शस्त्र. परवान्याशिवाय बाहेर दिलंस तर थेट तुरुंग.’ नेमकी त्याच आठवड्यात तेहरानच्या एका डेव्हलपरने माझ्या कोडमध्ये एक दुरुस्ती सुचवली होती. मला घाम फुटला. त्या रात्री रेपो प्रायव्हेट केला. सीनियरांचं म्हणणं, रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये ‘इराण, उत्तर कोरिया वगैरे देशांतल्या लोकांनी वापरू नये’ असं लिहून मोकळी हो. पुढच्या वर्षी एमएससाठी अमेरिकेला जायचा विचार आहे. सगळा कोड कायमचा काढून टाकू का? कोड आणि ती दुरुस्ती सोबत जोडली आहे.
— नाशिक जिल्ह्यातली एक वाचक

उत्तर :

काढून टाकू नकोस. रेपो पुन्हा पब्लिक कर. त्याआधी एक फाइल तेवढी बदलावी लागेल, तिच्याकडे मी पुढे येतेच.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेपो प्रायव्हेट करून आपण सुरक्षित झालो असं तुला वाटलं. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर झालं उलटंच. आज अमेरिकेच्या नियमांत एन्क्रिप्शनच्या कोडला जी मोठी सूट आहे, ती मिळते कोड जगजाहीर असतो म्हणून. कोणीही, कुठूनही, कुणाचीही परवानगी न घेता तो उतरवून घेऊ शकतो आणि पुढे देऊ शकतो, तेव्हा तो ‘प्रकाशित’ धरला जातो. दार लावून घेतलंस आणि निवडक चार जणांना आत घेतलंस, की ती सूट त्या नव्या कोडला लागू होत नाही. मग कोणाला दिलं, कुठल्या देशात दिलं, हे प्रश्न खरोखर सुरू होतात. सीनियरांना ज्याची भीती वाटते आहे, त्या वाटेवर तू घाबरून पाऊल टाकलंस.

शिवाय दार लावून फारसं काही साधलंही नाही. पब्लिक असताना ज्यांनी तुझ्या रेपोचे फोर्क, म्हणजे स्वतःपुरत्या प्रती, घेतले होते, ते फोर्क अजून उघडेच आहेत. तू प्रायव्हेट केलंस तेव्हा ते तुझ्यापासून सुटे झाले, इतकंच. गेले ते लोकांनी दिलेले स्टार, आणि तुझ्याकडे दुरुस्त्या पाठवायची वाट.

सीनियरांवर रागावू नकोस. ते सांगतात ते एके काळी अक्षरशः खरं होतं, आणि ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या मनातून ते जात नाही. तोही काळ तुला माहीत असायला हवा, कारण तुझ्या ॲपच्या पोटातच तो आहे.

1990च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शन खरोखरच शस्त्रसामग्रीच्या यादीत होतं, रणगाडे आणि क्षेपणास्त्रांच्या पंक्तीला. फिल झिमरमन या प्रोग्रामरने 1991 मध्ये पीजीपी नावाचं ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. इंटरनेटवरून ते देशाबाहेर गेलं. 1993 मध्ये त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली, कारण काय तर परवान्याशिवाय शस्त्र निर्यात. तीन वर्षं तो माणूस टांगणीला होता. जानेवारी 1996 मध्ये सरकारने खटला न भरताच चौकशी बंद केली. दरम्यान एमआयटीच्या प्रकाशन विभागाने त्या प्रोग्रामचा सगळा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कागदावर छापून पुस्तक म्हणून काढला होता. फ्लॉपीवरचा कोड शस्त्र असेल, पण छापलेलं पुस्तक अडवायला अमेरिकेची राज्यघटना आडवी येते. पुढच्या आवृत्तीच्या वेळी छापील पुस्तकं रीतसर युरोपात नेली आणि तिथे स्वयंसेवकांनी पानामागून पान स्कॅन करून त्यातून पुन्हा चालणारा प्रोग्राम उभा केला. हजारो पानं, आणि एक स्वल्पविराम चुकला तरी प्रोग्राम चालणार नाही. त्या लोकांबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

आता तुझ्या ॲपकडे येऊ. त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डॅनियल बर्नस्टीन नावाचा एक विद्यार्थी गणितात संशोधन करत होता. त्याने ‘स्नफल’ नावाची एन्क्रिप्शनची एक पद्धत शोधली. त्याला ती आणि तिचा कोड इतर संशोधकांसमोर मांडायचा होता. सरकारने त्याला सांगितलं, आधी शस्त्रविक्रेता म्हणून नोंदणी करा, मग निर्यातीचा परवाना घ्या. तुझ्याच वयाचा मुलगा होता तो. 1995 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या पाठबळाने त्याने अमेरिकन सरकारवर दावा लावला. 1996 मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी म्हटलं की सोर्स कोड ही भाषा आहे, आणि भाषेला घटनेचं संरक्षण आहे. 1999 मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानेही दोन विरुद्ध एक मतांनी त्याच्याच बाजूने निकाल दिला. तो निकाल पुढे मोठ्या पीठाकडे फेरसुनावणीसाठी गेला, पण तोवर सरकारच नियम सैल करायला लागलं होतं.

हाच बर्नस्टीन पुढे नामांकित संशोधक झाला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘नॅकल’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली. तुझं लिबसोडियम त्याच नॅकलपासून निघालेलं आहे. तुझ्या कोडमध्ये नोंद कुलूपबंद करायला तू जे ‘सीक्रेटबॉक्स’ फंक्शन बोलावतेस, ते आत ‘एक्ससाल्सा20’ ही पद्धत वापरतं. ती ज्या ‘साल्सा20’ वरून आली, तिला बर्नस्टीनने आधी दिलेलं नाव होतं ‘स्नफल 2005’. ज्या नावाच्या पद्धतीसाठी त्याला शस्त्रविक्रेता व्हायला सांगितलं होतं, तिचाच वारसा आज सिन्नरकडच्या बचत गटाच्या हप्त्यांवर कुलूप लावून बसला आहे. तुझं पत्र वाचताना हे लक्षात आलं आणि मी क्षणभर थांबले.

सर्वसामान्यांना त्या कायद्याची झळ कशी लागायची, हे मी स्वतः भोगलं आहे. तेव्हा ब्राउझर दोन प्रकारचे मिळायचे. अमेरिकेतल्यांसाठी 128 बिट लांबीच्या किल्लीचा आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी 40 बिटचा. 40 बिट म्हणजे किल्लीच्या साधारण 1 लाख 10 हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण 1995 मध्येच फ्रान्समधल्या एका संशोधकाने आपल्या संस्थेतली संगणकं कामाला लावून असं एक कुलूप सुमारे आठ दिवसांत उघडून दाखवलं होतं. आपण भारतात बसून ज्याला सुरक्षित म्हणत होतो, ते उघडता येईल इतपतच बेताचं ठेवलेलं होतं.

2000 साली मी पुण्यात एका लहानशा कंपनीत सर्व्हर सांभाळत होते. मित्राने डेबियन लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीडींचा संच आणून दिला. त्यात सगळं होतं, फक्त दुसऱ्या संगणकात कुलूपबंद वाटेने लॉगिन करायचं एसएसएच नव्हतं. कारण डेबियनने एन्क्रिप्शनची पॅकेजं मुख्य संग्रहातून वेगळी काढून ‘नॉन-यूएस’ नावाच्या भांडारात, अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर ठेवली होती. अमेरिकेतून ती बाहेर पाठवणं गुन्हा ठरेल ही धास्ती. कुठून काय उतरवायचं ते सांगणाऱ्या सोर्सेस डॉट लिस्ट फाइलमध्ये एक जास्तीची ओळ लिहायची आणि रात्री फोनची लाइन मोकळी झाली की मोडेमवरून ते उतरवत बसायचं. मी आळस केला. म्हटलं, ऑफिसच्या आतच तर वापरायचं आहे, त्याच कामाचं जुनं टेलनेट चालेल. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जातो. एका दुपारी एका सहकाऱ्याने मला त्याच्या पडद्याजवळ बोलावलं. मी माझ्या टेबलावरून लॉगिन करताना टाइप केलेलं एकेक अक्षर त्याच्या खिडकीत उमटलं होतं. स, मग उ, मग न. माझ्या भाचीचं नाव होतं ते. सहकारी भला होता म्हणून त्याने दाखवलं. त्याच्याआधी कुणी पाहिलं होतं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. त्या रात्री मी ती जास्तीची ओळ लिहिली.

या आठवणीतली एक तारीख मात्र मला नंतर फार बोचली. अमेरिकेने खुल्या सोर्स कोडसाठी नियम सैल केले ते जानेवारी 2000 मध्येच. म्हणजे मी टेलनेटवर पासवर्ड टाइप करत होते तेव्हा ती अडचण कागदावर उरलीच नव्हती. पण डेबियनवाल्यांनी वकिलांचा सल्ला घेऊन एन्क्रिप्शनची पॅकेजं मुख्य संग्रहात आणली ती 2002 मध्ये. ओपनबीएसडी ही दुसरी खुली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांचा मुक्काम कॅनडातल्या कॅलगरीत, त्यांचं ओपनएसएसएचही अमेरिकेबाहेर राहूनच लिहिलं गेलं, कारण त्यातल्या मंडळींना अमेरिकेच्या भूमीवर एन्क्रिप्शनची एक ओळही लिहिलेली नको होती. कायदा बदलतो एका दिवसात, कोड लिहिणाऱ्यांची धास्ती जायला वर्षं लागतात. आणि तिची किंमतही वर्षानुवर्षं मोजावी लागते. निर्यातीसाठी मुद्दाम दुबळी ठेवलेली 512 बिटची कुलपं (ही वेगळ्या जातीची, यांना 512 बिटही तोकडेच) जुन्या कोडमध्ये तशीच पडून राहिली होती. 2015 मध्ये संशोधकांनी दाखवलं की चालू सर्व्हरला आणि ब्राउझरला फसवून त्या दुबळ्या कुलपावर आणता येतं. ‘फ्रीक’ नाव दिलं त्या हल्ल्याला. ओपनएसएसएलसारख्या, निम्मं जग ज्यावर चालतं अशा खुल्या लायब्ररीलाही ती जुनी अडगळ बाधली.

म्हणून मला तुझी काळजी वाटते. तुझ्या सीनियरांनी सांगितलेला कायदा 1996च्या आधीचा आहे. नोव्हेंबर 1996 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी व्यापारी एन्क्रिप्शन शस्त्रसामग्रीच्या यादीतून काढून वाणिज्य खात्याकडे सोपवलं. 2000 पासून खुल्या सोर्स कोडला परवाना लागत नाही. कोड कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता कळवणारी एक ईमेल वाणिज्य खात्याच्या निर्यात विभागाला पाठवायची, इतकंच उरलं. तिची एक प्रत त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला. अपाची फाउंडेशनसारख्या खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं अशा कळवलेल्या पत्त्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवत आल्या. मार्च 2021 मध्ये तीही अट गेली. आज कोड जगजाहीर असेल आणि त्यातलं एन्क्रिप्शन प्रमाणित, प्रकाशित पद्धतींवर बेतलेलं असेल, तर कुणाला काही कळवायचं नाही. त्या कोडमधून बनवलेलं, वापरायला तयार ॲपसुद्धा, त्याचा सोर्स तसाच खुला असेल तर, त्या निर्यात नियमांच्या बाहेर राहतं.

तू पुण्यात बसून अमेरिकेच्या नियमांचा विचार का करायचा, असं तुला वाटेल. कारण सर्व्हर तिकडे आहे. तू कोड चढवलास की तो अमेरिकेत पोहोचतो आणि तिथून तो जगभर उतरवला जातो, ती अमेरिकेतून झालेली निर्यात धरली जाते. ॲपलने तुला प्रश्न विचारला तो याच कारणाने.

आता ती एक फाइल. तू पाठवलेल्या कोडमध्ये ‘पिन लपवा’ नावाचं एक फंक्शन आहे. चार अंकी पिन घेऊन त्यात आईचा वाढदिवस मिसळायचा, अंक उलटेसुलटे करायचे आणि तो निकाल किल्ली म्हणून वापरायचा, असं तू स्वतः रचलेलं दिसतं. ते काढ. कायद्याचं म्हणशील तर 2021च्या सुटीत एक अपवाद ठेवलेला आहे. कुठल्याही प्रमाणक संस्थेने न स्वीकारलेली, कुठे प्रसिद्धही न झालेली, घरी रचलेली पद्धत वापरली असेल, तर कळवण्याची जुनी ईमेल अजूनही पाठवावी लागते. तुझं चिमुकलं फंक्शन त्यात बसतं की नाही यावर वकील तासभर बोलतील, तू त्यात पडूच नकोस.

पण खरं कारण कायद्याचं नाही. ते फंक्शन दुबळं आहे. चार अंकी पिनच्या दहा हजारच शक्यता, आणि आईचा वाढदिवस गावात कोणाला माहीत नाही? ज्या दिरापासून तू त्या बायकांचे आकडे लपवते आहेस, त्याच्या हाती फोन आला आणि त्याच्या ओळखीत कोणी हुशार पोरगा असला, तर दुपारचा चहा होईपर्यंत कुलूप उघडेल. लिबसोडियममध्येच ‘आर्गॉन2’ आहे, पासवर्डपासून किल्ली तयार करण्यासाठीच बनवलेलं. ते मुद्दाम वेळ आणि मेमरी खातं, त्यामुळे अंदाज लावत बसणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न महाग होतो. पिन सहा अंकी कर, जमलं तर चार-पाच शब्दांचं मराठी वाक्य घे. आईला ‘आज चुलीवरची भाकरी करपली’ लक्षात ठेवणं अंकांपेक्षा सोपं जाईल. आणि या ओळींसोबत कॉमेंटमध्ये लिहून ठेव की किल्ली कशी बनते. लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

आपल्या देशाचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण ते विचारायला हवं होतंस, कारण तू भारतीय आहेस आणि भारतात राहतेस. आपल्याकडे ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे, ती विदेश व्यापार महासंचालनालय चालवतं. लष्करी आणि नागरी अशा दोन्ही कामी येणाऱ्या वस्तू, सॉफ्टवेअर, तंत्रज्ञान तिच्यात येतं आणि ते देशाबाहेर पाठवायला परवानगी लागते. डिसेंबर 2017 मध्ये भारत वासेनार करारात सामील झाला. नेदरलँड्समधल्या हेगजवळच्या एका गावाच्या नावावरून ओळखला जाणारा हा करार अशा वस्तूंच्या निर्यातीवरच्या नियंत्रणाचा आहे. त्याच वर्षी त्या कराराच्या यादीशी जुळणारा आठवा गट आपल्या स्कोमेटमध्ये आला, त्यात माहिती सुरक्षा, म्हणजे एन्क्रिप्शनही आहे. तरी त्या गटालाही एक टीप जोडलेली आहे: पुढे वाटण्यावर बंधन न घालता सर्वांना उपलब्ध केलेलं सॉफ्टवेअर नियंत्रणाबाहेर. लेखकाने कॉपीराइट राखला असला तरी हरकत नाही, हेही व्याख्येतच म्हटलेलं आहे. म्हणजे एमआयटी लायसन्स चालतं. इथेही तुला वाचवतो तो कोडचा उघडेपणाच.

म्हणूनच रीडमीत ती देशांची नावं लिहू नकोस. ‘अमुक देशातल्यांनी वापरू नये’ अशी अट घातलीस की पहिली गोष्ट, तो कोड ओपन सोर्स राहत नाही; व्यक्ती किंवा गटात भेदभाव करायचा नाही हे ओपन सोर्सच्या व्याख्येतलं जुनं कलम आहे. दुसरी, ‘कोणतंही बंधन न घालता जगजाहीर’ या ज्या पायावर तुझी सूट उभी आहे, त्याच पायाला तू सुरुंग लावशील. तिसरी माझी आहे. उत्तर कोरियाच्या सरकारचं त्या ओळीने काही अडणार नाही. अडेल ती तेहरानमधली, हिशोबाची वही घरात लपवून ठेवणारी एखादी बाई.

आणि तो तेहरानचा डेव्हलपर. इथे दोन वेगळे कायदे एकमेकांत मिसळले जातात, ते सुटे कर. एन्क्रिप्शनच्या निर्यातीचे नियम पाहतात की वस्तू कोणती आहे. आर्थिक निर्बंध पाहतात की व्यवहार कुणाशी आहे. इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, आणि त्यांची झळ खुल्या कोडवाल्यांनाही लागलेली आहे. 2019 मध्ये गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर मर्यादा आणल्या, लोकांचे स्वतःचे प्रायव्हेट रेपो त्यांना दिसेनासे झाले. पुढे गिटहबने अमेरिकेच्या अर्थखात्याकडून परवाना मिळवला आणि जानेवारी 2021 मध्ये इराणमधल्या डेव्हलपरांना पूर्ण सेवा पुन्हा सुरू झाली. तुला आलेली दुरुस्ती त्या उघड्या दारातूनच आली आहे. उघड्या रेपोवर, सगळ्यांच्या देखत, कुणी फुकट पाठवलेल्या तीन ओळी तू भारतात बसून वाचल्यास आणि स्वीकारल्यास, यात तू काही गैर केलेलं नाहीस. कोड सर्वांसाठी ठेवल्यामुळे तो अमुक देशात पोहोचला तर तेवढ्यावरून ‘मुद्दाम पाठवला’ असं धरायचं नाही, हेही 2000 पासून त्या नियमांत होतं.

सांभाळायचं ते पुढे. त्याला पैसे पाठवायचे, त्याच्यासाठी वेगळी खाजगी आवृत्ती बनवायची, इराणमधल्या एखाद्या संस्थेचं काम घ्यायचं, असं काही समोर आलं तर थांब आणि या विषयातल्या वकिलाला भेट. एमएसला गेल्यावर तर जास्तच, कारण निर्बंधांचा कायदा अमेरिकेत राहणाऱ्या कोणालाही लागतो, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. तोच नियम एखाद्या कंपनीने तुझ्याकडून बंद कोडचं खास मॉड्यूल मागितलं तरी लाव. जे जगजाहीर नाही, त्याला ही सूट नाही.

ॲपलच्या प्रश्नाला खरं उत्तर दे. फोनच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनवरच जे ॲप अवलंबून असतं, त्याचं काम लवकर आटोपतं. तू लिबसोडियम सोबत बांधून देतेस, तेव्हा ‘प्रमाणित पद्धती, ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोडीला’ हा पर्याय तुझा. मग ते फ्रान्सबद्दल विचारतील, कारण फ्रान्समध्ये असं ॲप उपलब्ध करायचं तर तिथल्या माहिती सुरक्षा संस्थेकडे जाहीरनामा द्यावा लागतो. तुझ्या आईच्या गटातलं कोणी सध्या फ्रान्समध्ये नसेल, तर देशांच्या यादीतून तो एक देश तूर्त वगळ आणि पुढे हो.

व्हिसाबद्दल. प्रकाशित कोड लिहिणं हा गुन्हा नाही, त्यामुळे मुलाखतीत दडवण्यासारखं तुझ्याकडे काही नाही. काही संवेदनशील विषयांच्या विद्यार्थ्यांची व्हिसाच्या वेळी जास्तीची चौकशी होते, वेळ लागतो, हे खरं. पण ती मुख्यतः शिकण्याच्या विषयावरून होते. विचारलंच तर रेपोचा पत्ता दे आणि सांग, आईच्या बचत गटासाठी लिहिलं. प्राध्यापकांना पाठवायच्या अर्जात तर हे पहिल्या परिच्छेदात घाल. त्यात आर्गॉन2 का निवडलं ते दोन ओळींत लिहिलंस, तर वाचणाऱ्याला तू काय आहेस ते कळेल.

तुझ्या त्या तेहरानच्या मित्राची दुरुस्तीही मी वाचली. नोंद बंद केल्यावर किल्ली मेमरीत तशीच राहत होती, ते त्याने हेरलं आणि ‘सोडियम_मेमझीरो’ बोलावून ती पुसून टाकली आहे. तीन ओळी, तिन्ही बरोबर. एका वाटेवर, ॲप अर्ध्यात बंद पडलं तर, पुसायचं राहून जातं. तेवढं त्याला विचार. रेपो उघडलास की त्याला आधी लिही की मध्ये दार का लागलं होतं. इतके दिवस तो उत्तराची वाट पाहत असेल.